भाऊंचा अंगठा

भाऊंच्या घरी येणारा पाहुणा दारातच थबकायचा आणि विचारायचा, "बसू का?" यात शिष्टाचाराचा भाग काही नव्हता. खुर्ची ओली आहे की सुकली, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असायचं. भाऊंच्या बायकोच्या, म्हणजे वैनींच्या, माहेरचे एक वयस्कर गृहस्थ एकदा न विचारता बसले आणि धोतरावर पिस्ता रंगाचे पट्टे घेऊन गावाला गेले. त्यानंतर वैनींच्या माहेरचं माणूस आमच्याकडे आलं की उभ्यानेच चहा पिऊन जायचं.

'आमच्याकडे' म्हणतो खरा, पण मी त्या घरचा कोणीच नव्हतो. नोकरीसाठी मुंबईत आलो आणि लालबागच्या एका चाळीत, भाऊंच्या बाहेरच्या खोलीत कॉट टाकून भाड्याने राहिलो. भाऊ विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे. एकुलती लेक लग्न होऊन माझगावला गेलेली. बाहेर वागताना भाऊ अगदी छापील मराठी बोलत, पण घरात आणि रंगाच्या बाबतीत मालवणीवर येत. मला ते 'झिला' म्हणत, म्हणजे पोरा. आधी वाटलं, सगळ्याच भाडेकरूंना म्हणत असतील. पुढे कळलं की माझ्याआधीचा भाडेकरू दुसऱ्याच महिन्यात शर्टाला डाग पडला म्हणून भांडून गेला होता.

लोक खिशाला पेन लावतात, भाऊंच्या खिशाला ब्रश असे. त्यांचं एक ठाम मत होतं. ते म्हणायचे, "वस्तू मरत नाय रे झिला, तिचो रंग मरता." पंखा फिरेनासा झाला की दुसरा माणूस इलेक्ट्रिशियनला बोलावतो, भाऊ आधी पाती रंगवायला घेत. आणि नशीब असं की रंगवायला उघडलेल्या पंख्यातला कचरा आपोआप साफ होई, पंखा फिरू लागे आणि भाऊ आमच्याकडे असं बघत की वाद घालायची सोय राहत नसे. टीव्हीचा रिमोटही त्यांनी असाच रंगवला होता. बटणांवरची अक्षरं रंगाखाली गेली आणि त्या घरात टीव्ही अंदाजाने बघायची पद्धत पडली. बातम्या लावायला गेलं की कीर्तन लागायचं. वैनी म्हणायच्या, लागला तर लागला, दोन्हीकडे बोलणारा एकटाच असतो.

दादरच्या एका लग्नात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. अंतरपाट दूर झाला, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, आणि भाऊ मात्र मागच्या खांबाला नखाने टोकरत उभे. जेवताना शेजारच्या माणसाने जोडा कसा वाटला म्हणून विचारलं. भाऊ म्हणाले, वरून बरा आहे, पण खाली प्रायमर नाही. तो माणूस मुलीचा मामा निघाला. आम्ही श्रीखंड अर्धं सोडून उठलो.

पण हे सगळं सांगताना एक गोष्ट राहते आणि तीच खरी. भाऊंना रंग फार सुरेख लावता यायचा. ओघळ नाही, ब्रशची रेघ नाही, कडा कशा सरळ. त्यांना यायची नाही ती वाट बघायला. रंग लावून झाला की ते गॅलरीत जाऊन बसत, रस्त्याकडे बघितल्यासारखं करत, मग उठून आत येत आणि "सुकलो?" असं त्या वस्तूलाच विचारून तिच्यावर अंगठा टेकवत. रंग कधीच सुकलेला नसायचा. त्यामुळे घरातल्या प्रत्येक वस्तूवर, दारावर, फळीवर, मिक्सरवर, एक अंगठा होताच. आयुष्यभर कचेरीत लोकांचे अंगठे घेतले, आता आपले देत बसलेत, असं चाळीत म्हणत. आणि प्रत्येक वेळी आतून, शेगडीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या वैनींचा आवाज यायचा, "सुकल्याशिवाय हात लावू नकात." त्या वळूनही बघायच्या नाहीत. भाजी हलवता हलवता माणूस 'मीठ बघ' म्हणतो, तेवढ्याच सुरात म्हणायच्या.

एकदा त्यांनी गॅसचा सिलिंडर पिस्ता केला. रिकामा झाल्यावर सिलिंडरवाला तो घेईना. म्हणाला, "अपना लाल होता है, ये किसका है?" भाऊंनी त्याला कोरलेला नंबर दाखवला, धातूचा आवाज ऐकवला, शेवटी रंगाचं महत्त्व सांगितलं. तो दुसऱ्या घरी गेला. मग भाऊंनी पिस्ता खरवडला, खालचा लाल त्यांना निस्तेज वाटला, म्हणून ताजा लाल लावला आणि वैनींचं न ऐकता अंगठा टेकवला. सिलिंडर गेला. बऱ्याच दिवसांनी आमच्याच मजल्यावर कडेच्या घरात जो सिलिंडर आला, त्याच्या खांद्यावर तो अंगठा होता. भाऊंना कोणीतरी बोलावून नेलं. माहेरी आलेल्या लेकीकडे बघावं तसे ते त्याच्याकडे बघत राहिले. त्या घरातल्या बाईंना शेगडी पेटवायची होती, तरी त्यांनी चहा भाऊंना बाहेरून मागवून दिला आणि सिलिंडर संध्याकाळी लावला.

आता कॉम्प्युटरचं सांगतो.

घरून काम करायचे दिवस होते तेव्हा माझ्या प्रभादेवीच्या ऑफिसने मला एक जुना कॉम्प्युटर घरी दिला. मी अजून प्रोबेशनवर होतो. पुढे सगळ्यांना परत ऑफिसात बोलावलं आणि निरोप आला की गणपतीच्या सुट्टीआधी सामान जसं दिलं तसं आणून द्या. ते घ्यायला ॲडमिनच्या मॅडम बसणार होत्या. मॅडमचा शेरा गेल्याशिवाय आमच्याकडे कोणाची नोकरी कायम होत नसे, आणि मॅडम अशा की माउसखालचं पॅड आणलं नाही म्हणून त्यांनी एकाला वांद्र्याला परत पाठवलं होतं.

मी कॉटखालून सीपीयूचा डबा ओढला आणि पहिल्यांदा नीट बघितला. त्याचं पुढचं प्लॅस्टिकचं तोंड अर्धं पांढरं होतं आणि खिडकीकडचं अर्धं उन्हाने पिवळंधमक झालं होतं. मी ते ओल्या फडक्याने पुसायला लागलो. पिवळं काही हललं नाही. भाऊ मागे येऊन कधी उभे राहिले मला कळलं नाही.

"ह्याका कावीळ झाली हा," ते म्हणाले.

मी सांगितलं की हे ऑफिसचं आहे, याला काही झालं तर माझी नोकरी जाईल, याला हात लावायचा नाही. भाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आणि मी आंघोळीला गेलो.

बाहेर आलो तेव्हा ते तोंड डब्यापासून सुटून भाऊंच्या मांडीवर होतं. त्यांनी ते साबणाने धुतलं होतं, पॉलिश पेपरने घासलं होतं आणि उरलासुरला तेलकटपणा जावा म्हणून थिनरने पुसत होते. लोखंडाला थिनर लावला की लोखंड स्वच्छ होतं. प्लॅस्टिकला लावला की प्लॅस्टिक विरघळायला लागतं, हे भाऊंना ठाऊक नव्हतं, कारण त्यांची सगळी हयात लाकूड आणि लोखंड यांत गेली होती. तोंड चमकायला लागलं. भाऊंना वाटलं, झालं स्वच्छ. त्यांनी सवयीने "सुकलो?" म्हटलं. आतून वैनींचं "सुकल्याशिवाय" एवढंच आलं, तोवर अंगठा टेकला होता. या वेळी तो नुसता उमटला नाही, आत गेला. चालू करायच्या बटणाच्या शेजारी, अगदी रेघारेघांसकट, एक खड्डा पडला.

मी कॉटवर बसलो. कॉट सुकी होती का ओली, हेही बघितलं नाही.

भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. दुपारी ते तोंड वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर पडले. गल्लीच्या टोकाला मूर्तींच्या कारखान्यात त्यांचा एक जुना स्नेही मूर्ती रंगवायचा. त्याच्याकडे हवेवर चालणारी रंगाची पिचकारी होती आणि हात असा की डोळे मिटून रंग जुळवेल. भाऊंनी त्याला आतल्या बाजूचा, ऊन न लागलेला मूळ रंग दाखवला आणि म्हणाले, असाच पाहिजे. एवढी ओढाताण चाललेल्या हंगामात त्या माणसाने भाऊंसाठी हातातलं काम ठेवलं. भाऊ संध्याकाळी परत आले. त्यांनी ते तोंड गॅलरीतल्या दोरीला, धुतलेल्या कपड्यांच्या रांगेत, चिमटे लावून टांगलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. मी त्यांना इतका वेळ हात मांडीखाली दाबून बसलेलं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी अंगठा टेकवला नाही. माझ्यासाठी टेकवला नाही, हे मला तेव्हाही कळलं आणि माझा राग तिथेच निम्मा झाला.

रंग अप्रतिम बसला होता. ट्यूबलाइटखाली तर अगदी मूळचा वाटत होता. सकाळी उजेड आला आणि वैनी कपडे काढायला गॅलरीत गेल्या. तिथेच थांबल्या. मग त्यांनी पायातल्या सपाता बाजूला काढल्या.

"ह्यो देवाच्या अंगाचो रंग," त्या म्हणाल्या.

आम्ही जाऊन बघितलं. तो पांढरा नव्हताच. किंचित गुलाबी, किंचित पिवळसर, वर मोत्यासारखी झाक. त्या हंगामात लालबागच्या प्रत्येक कारखान्यात ओळीने उभ्या असलेल्या मूर्तींच्या गालांचा आणि सोंडेचा जो रंग असतो, तो. त्या स्नेह्याने पांढरा जुळवायला घेतला असणार, पण इतकी वर्षं एकाच रंगात गेलेला हात, वाटीत शेवटी तोच रंग तयार झाला. कॉम्प्युटरला अंगकांती आली होती.

मी घाईने पॉलिश पेपर घेतला. वैनी आडव्या आल्या. "देवाचो रंग खरवडतलस?" त्यांनी विचारलं. मी भाऊंकडे बघितलं. भाऊ त्यांच्याच बाजूचे. मूर्तीच्या वाटीतला रंग ज्याला लागला त्याला मग खरवडायचं नसतं, याबद्दल नवराबायकोचं लग्नानंतर पहिल्यांदा एकमत झालं असावं.

तोंड डब्याला बसवलं. बटण दाबलं तर चालू झाला, हीच माझी एक आशा. पण डबा आता परत कॉटखाली जाईना. देवाच्या रंगाला पाय लागायचा नाही म्हणून वैनींनी तो टेबलावर ठेवला, टेबलावरचं माझं ताट जमिनीवर आलं. उरलेले दिवस मी काम करायला बसताना चपला दाराबाहेर काढल्या. वैनी त्याची पूजा वगैरे करत नव्हत्या. तेवढी मी खुळी नाय, असं त्यांनीच मला सांगितलं. पण एकदा मी बाहेरून भुर्जीपाव आणला आणि टेबलाशी उघडला, तर त्यांनी येऊन डब्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. मी खाईपर्यंत ते तसंच होतं.

परत द्यायचा दिवस आला. मी रात्रीपासून मनात वाक्यं जुळवत होतो. मॅडम, उन्हाने असं झालं. मॅडम, हा मूळचाच असा होता. एकही वाक्य पूर्ण होईना, कारण प्रत्येकाच्या शेवटी तो अंगठा यायचा. सकाळी बघतो तर भाऊ कचेरीच्या दिवसांतला पांढरा शर्ट घालून, डोक्यावर टोपी चढवून तयार. "मी येतंय मॅडमकडे," ते म्हणाले. मी नको म्हटलं. तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलले, "झिला, नोकरी तुझी हा, पण अंगठो माझो हा."

मॉनिटर आणि वायरी माझ्या पिशवीत आणि सीपीयू भाऊंच्या हातांत, असे आम्ही उतरलो. वैनींनी तो पाटावर ठेवला होता आणि रंगाला धूळ लागू नये म्हणून तोंडावर कोरा रुमाल टाकला होता. गणपतीच्या आदल्या दिवसांत, लालबागच्या रस्त्यावर, टोपी घातलेला माणूस पाटावर रुमाल झाकलेलं काही घेऊन निघाला, तर लोकांनी काय समजावं? गल्लीच्या तोंडाशीच कोणीतरी "बाप्पा मोरया" म्हटलं. वडापाववाल्याने तळण थांबवून हात जोडले. टॅक्सीवाल्याने मीटर टाकायच्या आधी सीटवर आपला टॉवेल पसरला. परळच्या नाक्यावर हवालदाराने आमची टॅक्सी बघितली आणि समोरची बस थांबवून आम्हाला जाऊ दिलं. मी भाऊंच्या कानाशी लागून म्हटलं, अहो, लोकांना सांगा तरी.

"गप ऱ्हव," भाऊ म्हणाले. "सिग्नल मोकळो मिळता हा."

पुढे गाडी थांबली तेव्हा एका बाईंनी खिडकीशी वाकून विचारलं, किती दिवसांचा? भाऊंनी छापील मराठीत उत्तर दिलं, "घरचा मुक्काम झाला. आता कायमचा ऑफिसात." बाईंनी त्यांच्या पिशवीतलं जास्वंदीचं फूल काढून रुमालावर ठेवलं.

ऑफिसात सिक्युरिटीने दार उघडून धरलं. लिफ्टमधल्या लोकांनी जागा केली. आम्ही मॅडमच्या टेबलासमोर उभे राहिलो. मॅडमनी फुलाकडे बघितलं, पाटाकडे बघितलं, मग स्वतः हात पुढे करून रुमाल काढला.

"हा आमचा कॉम्प्युटर आहे?" त्यांनी विचारलं.

"आतून तुमचाच," भाऊ म्हणाले. "याची काही चूक नाही. पोराने मला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. मी लावला."

मॅडमचं बोट खड्ड्यावर गेलं. "आणि हे?"

"तो माझा अंगठा. तिथे कोणाची सही लागत असेल, तर तीही करतो." मग टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "एकच विनंती आहे. रंग मूर्तीच्या वाटीतला आहे. आमच्या घरात याला खाली ठेवला नाही. तुम्हीही ठेवू नका."

मी मान खाली घातली होती, त्यामुळे मला टेबलाखालचं दिसलं. मॅडमचे पाय हळूच सँडलमधून बाहेर आले आणि फरशीवर टेकले.

"दिला तसा नाही आला," त्या शेवटी म्हणाल्या. मग त्यांनी शिपायाला हाक मारून सांगितलं, "इथे माझ्या टेबलावर जागा कर." आणि मला म्हणाल्या, माउसखालचं पॅड आणलंय ना? मी आणलं होतं.

माझी नोकरी कायम झाली. तो कॉम्प्युटर मॅडमच्या टेबलावर राहिला. बाकीच्यांचे डबे टेबलाखाली पायांच्या लाथा आणि झाडूचं पाणी खाऊन एकेक करून बंद पडले, हा मात्र कुरकुर न करता चालत राहिला. भाऊंना हे सांगितलं की ते नुसते पंख्याकडे बघायचे. नवीन येणारा माणूस तो चालू करताना हमखास बटणाऐवजी अंगठ्यात अंगठा घालून दाबायचा आणि कोणीतरी त्याला सांगायचं, ते नाही, त्याच्या बाजूचं.

पुढे मी दुसरी नोकरी धरली, खोली सोडली. चाळ पाडायला घेतली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात भाऊ गेले. मला फार वाईट वाटलं. माझ्या वडिलांशी मी इतकी वर्षं भांडलो नाही तेवढा भाऊंशी रंगावरून भांडलो होतो, आणि तसं भांडायला पुन्हा कोणी मिळालं नाही. वैनी लेकीकडे माझगावला गेल्या. लेकीचा ब्लॉक नवा, सगळं सामान एका रंगाचं, कंपनीतून आलेलं. चाळीतल्या वस्तू, तो पंखा, ती फळी, मिक्सर, तिथेच राहिल्या आणि भिंतींबरोबर गेल्या.

मध्यंतरी एके दिवशी मॅडमचा फोन आला. जुने कॉम्प्युटर भंगारात काढलेत, आतलं सगळं काढून घेतलंय, पण तुमच्या त्या डब्याला भंगारवाल्याकडे द्यायला इथे कोणी हात लावत नाही. तुम्ही येऊन घेऊन जा, आणि तो रुमाल माझ्या खणात आहे.

मी गेलो. रिकामा डबा मांडीवर घेऊन, तोंडावर रुमाल टाकून, टॅक्सीने माझगावला आलो. सण जवळ नव्हता, तरी एका म्हाताऱ्याने वाटेत हात जोडलेच. वैनींनी दार उघडलं. मी सवयीने उंबऱ्याबाहेरच थांबलो आणि विचारलं, "बसू का?"

"बस रे झिला," त्या म्हणाल्या. "हय सगळा सुकलेलाच असता."

मी डबा त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला, खाली नाही. त्यांनी रुमाल काढला. रंग जराही उतरला नव्हता. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग हात पदराला पुसून त्यांनी आपला अंगठा त्या खड्ड्यात ठेवला. त्यांचा अंगठा लहान, तो त्यात सहज बसला आणि भोवती जागा उरली. वैनी खिडकीकडे बघत होत्या. तिकडेच बघत, भाजी हलवता हलवता म्हणायच्या त्याच सुरात, त्या म्हणाल्या,

"तरी मी सांगत होतंय. सुकल्याशिवाय हात लावू नकात."